वस्त्रस्वावलंबन: रोजच्या अर्ध्या तासाचा हिशेब कुठे अडतो

रोज अर्धा तास सूत कातले की वर्षाचे कपडे निघतात, असे वस्त्रस्वावलंबनाचे पुरस्कर्ते सांगत आले. अंगावरचा प्रत्येक कपडा आपल्याच हातच्या सुताचा असावा, हा आग्रह महाराष्ट्रात गांधींच्या आधीपासून आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी 1872 साली स्वदेशीचे व्रत घेतले. 1877 च्या दिल्ली दरबाराला ते सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले तेही हातकताईच्या पांढऱ्या खादीत. पुढे 1905 मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, पण त्या लाटेत स्वदेशी म्हणजे मुख्यतः देशी गिरणीचे कापड. चरखा मागेच राहिला.

गांधींच्या साबरमती आश्रमातही सुरुवात मागापासून झाली, तीही गिरणीच्या सुतावर. चरखा मिळाला तो बडोदा संस्थानातल्या विजापुरात, गंगाबेन मजमुदार यांनी शोधून काढला तेव्हा. बायका कातायला तयार होत्या, अडले ते पेळूपाशी, म्हणजे ज्यातून धागा ओढतात त्या पिंजलेल्या कापसाच्या वळीपाशी. उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरवले. पण गिरणीचे पेळू चालतात तर गिरणीचे सूत का चालू नये, हा प्रश्न गांधींना लगेच टोचला आणि गंगाबेनना कापूस पिंजणारा पिंजारी शोधावा लागला. आश्रमाची पहिली खादी वाराला 17 आणे पडली, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, जेमतेम 30 इंच. महिन्याभरात 45 इंची धोतर मिळाले नाही तर आखूड पंचावर भागवीन, असे गांधींनी बजावल्यावर 50 इंच पन्ह्याची जोडी आली. खादीच्या इतिहासातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या दोन-तीन वर्षांत दिसून गेल्या होत्या: पेळू, पन्हा आणि किंमत.

1924 च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी महिन्याला 2000 वार सूत देण्याची अट घातली. ती फार काळ टिकली नाही. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ निघाला. त्याच्या ‘अ’ वर्गाच्या सभासदाला महिन्याला 1000 वार स्वतः कातलेले, एकसारखे आणि चांगल्या पिळाचे सूत द्यावे लागे. यातला ‘चांगल्या पिळाचे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण मागावर सगळे त्यावरच ठरते.

मापे अशी होती. सूत ज्यावर गुंडाळतात त्या फाळक्याचा एक वेढा 4 फुटांचा, तो एक तार. 160 तारांची लटी, चार लटींची म्हणजे 640 तारांची गुंडी. गुंडीचे वजन तोळ्यांत घ्यायचे आणि 40 ला त्याने भागायचे, की सुताचा नंबर मिळतो; नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. गुंडी 2 तोळे भरली तर सूत 20 नंबरचे, 4 तोळे भरली तर 10 नंबरचे.

आता वर्षाच्या कापडाचा हिशेब. इंचाला 40 उभे आणि 40 आडवे धागे धरले, तर एका चौरस वाराला 2880 वार सूत लागते. तुटफूट आणि आटणे धरून चार गुंड्या. दोन धोतरे, दोन सदरे, एखादा पंचा यांना सुमारे 20 चौरस वार कापड, म्हणजे 80 गुंड्या. बरा कातणारा चरख्यावर तासाला दोन लटी काढतो. याप्रमाणे कताईचे 160 तास होतात, रोजचा अर्धा तासही पुरा नाही. कापूस फार लागत नाही: 20 नंबरच्या 80 गुंड्या पावणेदोन किलोच्या थोड्या वर, पिंजण्यातली घट धरून दोन किलोंवर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणि वजनाच्या तिसरा हिस्सा रुई निघते असे धरले तर साडेसहा किलोंच्या आसपास सरकीसकट कपाशी.

कागदावर हे बरोबर आहे, पण ते पुरुषाच्या कपड्यांचे. नऊवारी लुगडे 45 इंच पन्ह्याचे धरले तर एकट्या त्याला सव्वाअकरा चौरस वार, म्हणजे 45 गुंड्या लागतात. अर्ध्या तासाची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला.

दुसरे म्हणजे या अर्ध्या तासात कताईच्या आधीचे काम धरलेलेच नाही. वेचताना पाचोळा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी करायची, कपाशीला ऊन द्यायचे, रेच्यावर (सरकी काढायच्या हातयंत्रावर) किंवा सळई-पाटीवर सरकी काढायची आणि मग पिंजायचे. गाठीत दाबलेली रुई घट्ट बसलेली असते, ती नीट पिंजली जात नाही, म्हणून ताजी सरकी काढलेलीच बरी. पावसाळ्यात पिंजायच्या धनुकलीची तात, म्हणजे तिची दोरी, सैल पडते आणि रुई तिला चिकटते. पेळू वीतभर लांब, पेन्सिलीएवढा जाड. काडीवर गुंडाळताना जास्त दाबला तर तंतू सुटत नाहीत आणि धागा तटकन तुटतो. सैल राहिला तर एकदम गाठोडे बाहेर येते. सुतातल्या दहा दोषांपैकी आठ पेळूतले असतात, हात बसला नाही म्हणून कातणारा उगाच स्वतःला दोष देतो.

वर्ध्यात विनोबांनी या आधीच्या कामांवरच सर्वांत जास्त डोके चालवले. 1932 पासून वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी टकळीवरच्या (हाताने फिरवायच्या चातीवरच्या) कमाईत पोट भरते का, हे स्वतःवर करून पाहिले. बोटांनी तंतू मोकळे करून समांतर लावायची तुनाई त्यांच्या मंडळींनी रूढ केली. तिने सूत सुरेख निघते, पण वेळ अतोनात जातो.

अवजारांवरही काम झाले. येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी पेटीत मावणारा, दोन चाकांचा चरखा बसवला, तोच येरवडा चक्र. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांनी धनुष तकली, म्हणजे धनुष्याने फिरवायची टकळी, सुधारली. हे पोलिश अभियंते औंध संस्थानच्या राज्यघटनेच्या कामातही होते. 1929 मध्ये चरखा संघाने एक लाखाचे बक्षीस लावले. अटी अशा: आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 वार सूत, किंमत 150 रुपयांच्या आत, आणि झोपडीत चालणारे यंत्र. किर्लोस्करवाडीतही एक यंत्र तयार झाले. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

खरी गाठ पडली ती विणकराशी. ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, प्रत्येक धागा धोटा फिरला की वर-खाली होतो आणि फणीत घासतो. 20 नंबरच्या ताण्याला इंचाला साधारण 18 पीळ हवेत. नवशिक्याच्या सुताला बारासुद्धा नसतात. म्हणून विणकर हातसूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, घेत आणि ताण्याला गिरणीचे सूत मागत. त्यांचेही चुकत नव्हते, कारण मजुरी वारावर आणि तुटलेला धागा जोडण्यात गेलेला वेळ फुकट. यावरचे उपाय साधे आहेत. धागा सैल सोडला की स्वतःभोवती वळला पाहिजे, नाही वळला तर पीळ कमी आहे. गुंडी फाळक्यावर असतानाच पाण्याचा हात द्यावा, म्हणजे पीळ बसतो. ताण्याला खळ (पेज) पातळ आणि सारखी लावावी, गोळे राहिले तर धागे एकमेकांना चिकटतात. 1940 नंतर दुबटा सुताचा आग्रह धरला गेला. दोन धागे एकत्र पिळले की ताणा टिकतो, पण लांबी निम्मी होते आणि दुबटण्याचे काम वाढते.

1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधींनी विक्रीच्या खादीचा हिशेब बाजूला ठेवला आणि जो कातेल त्याने घालावी, जो घालेल त्याने जरूर कातावे, असा नेम सांगितला. खादी भांडारात किमतीचा काही भाग सुतात घेतला जाऊ लागला. लोकांनी विकतचे सूत आणून तो भाग भरायला सुरुवात केली, आणि नियम पोकळ झाला.

स्वातंत्र्यानंतर एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला. त्याला एकसारख्या जाडीची कापसाची वात लागते आणि ती आज खादी आयोगाच्या केंद्रीय पेळू कारखान्यांतून येते. आजच्या बहुतेक खादीत पिंजणे यंत्राचे, कातणे हाताचे. गांधींचा सोबानी-पेळूंचा प्रश्न तिला विचारला तर उत्तर अवघड आहे.

आज कोणी हे मनावर घेतलेच, तर आधी विणकर ठरवावा, चरखा नंतर घ्यावा. ताणा भरण्याची आणि मागाच्या वई-फणीत धागे ओवण्याची मेहनत चार वाराला तेवढीच आणि वीस वाराला तेवढीच, म्हणून थोड्या सुतासाठी कोणी माग लावत नाही. चार-पाच कातणाऱ्यांनी मिळून एकच नंबर धरून कातावे. 12 आणि 20 नंबर एका ताण्यात मिसळले तर पहिल्या धुण्यातच कापड कमी-जास्त आटते आणि पट्टे पडतात. प्रत्येकाच्या गुंडीवर नाव, वजन आणि तारीख बांधावी. सर्वांत चांगल्या पिळाच्या गुंड्या ताण्याला काढाव्यात, उरलेल्या बाण्याला. शिवणाऱ्याला देण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर सदऱ्याची बाही पहिल्या धुण्यानंतर मनगटाच्या वर जाते.