चोपण जमिनीतली सळई

लोखंडाच्या जवळपास दुप्पट ताकद, पाव वजन आणि गंजण्याचा प्रश्नच नाही. काचतंतूंची सळई विकणारे हे तीन दावे करतात, आणि तिन्ही बऱ्यापैकी खरे आहेत. घर बांधून पंधरा-वीस वर्षं झाली नाहीत तोच स्लॅबच्या पोटातून पोपडे गळताना पाहणाऱ्या सांगलीकराला तर ते ऐकून हायसं वाटावं. घोळ आहे तो चौथ्या वाक्यात : ‘12 एमएमच्या लोखंडाऐवजी आमची 8 एमएम टाका, पुरे होते.’ या वाक्याशी माझं भांडण आहे. सळईशी नाही.

आधी लोखंडाचं दुखणं पाहू. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो. एवढ्या अल्कतेत लोखंडाच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच त्याला गंजू देत नाही. हे कवच दोन प्रकारे जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत राहतो, आतल्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू 9 च्या आसपास उतरवतो. दुसरा प्रकार क्लोराइडचा. ते आत शिरलं की सामू चांगला असतानाही कवचाला जागोजागी भोकं पाडतं. आणि गंज काही गप्प बसत नाही. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. काँक्रीट दाबाला दणकट असलं तरी ताणाला कच्चं. आतून रेटा आला की सळईच्या रेषेत तडा जातो, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटतं आणि मिस्त्री वर बघून सांगतो, ‘लोखंड फुगलंय.’

समुद्र आपल्यापासून लांब, म्हणून क्लोराइडची काळजी कोकणातल्यांनी करावी असा एक समज आहे. पण वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतली कृष्णाकाठची शिवारं पाहा. उसाला वर्षानुवर्षं पोटभर पाणी मिळालं, निचरा झाला नाही, जमिनीखालचं पाणी वर चढलं. उन्हानं पाणी उडालं आणि क्षार वर राहिले. पांढरी पडलेली, चोपण झालेली ही जमीन पिकाच्या कामाची राहिली नाही की तिच्यावर गोठा, शेड, पाण्याची टाकी किंवा घरच उभं राहतं. पायाभोवती कायमची ओल, ओलीत क्षार, आणि काँक्रीट कालवायला त्याच विहिरीचं मचूळ पाणी! आयएस 456 या 2000 सालच्या भारतीय मानकानं लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम ठेवली आहे. आत लोखंड नसेल तर तीच मर्यादा 2000. काँक्रीटला स्वतःला क्लोराइडचा फारसा त्रास नाही. ही चौपट कडक अट सळईखातर आहे.

म्हणजे सळईच न गंजणारी घेतली तर निम्मी लढाई जिंकली. निम्मीच, कारण चोपणात सल्फेटही असतात आणि ते सळईला सोडून थेट सिमेंटलाच धरतात. त्यावर सळई बदलणं हा उपाय नाही. तिथं कमी पाण्यात कालवलेलं घट्ट काँक्रीट आणि स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) किंवा सल्फेटरोधक सिमेंटच लागतं. ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. त्याचा तो धंदाही नाही.

आता ही सळई बनते कशी ते पाहू. केसाहून बारीक असे काचेचे हजारो तंतू रिळांवरून एकत्र ओढतात, रेझिनच्या, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेच्या, कुंडात बुडवतात आणि तापलेल्या साच्यातून सलग खेचत नेतात. बाहेर येते ती घट्ट झालेली सळई. काँक्रीटला पकड मिळावी म्हणून तिच्याभोवती दोरा आवळून चर पाडतात किंवा अंगावर वाळू चिकटवतात. वजनात बहुतेक भाग काचेचा, आणि ताण झेलण्याचं काम त्या तंतूंचंच. रेझिन त्यांना एकत्र धरतं आणि मुख्य म्हणजे काँक्रीटपासून वाचवतं. गंमत अशी की लोखंडाला जपणारा तो साडेबारा-तेराचा सामू काचेच्या मुळावर येतो. साधी काच अल्कात हळूहळू झिजते. म्हणून चांगल्या सळईत अल्काला टिकणारी काच आणि व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी रेझिन असतं. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन या कामाचं नाही. वरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, आणि फसवणुकीला इथंच वाव आहे.

काचेच्या जागी कार्बनचे तंतूही वापरतात, पण ते फार महाग. बेसाल्टचे तंतू मात्र आपल्याकडच्या माणसाला कुतूहल वाटावं असे आहेत, कारण सातारा-सांगलीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्टच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हे पठार बनलं. हाच दगड 1400-1500 अंशांना वितळवून बारीक छिद्रांतून ओढला की तंतू निघतो. बेसाल्टपासून तंतू काढण्याच्या कल्पनेवर 1923 साली अमेरिकेत पेटंटही मिळालं होतं. पण खाणीतला कुठलाही दगड उचलून भट्टीत टाकता येत नाही. त्याची रासायनिक घडण टनामागून टन सारखी लागते. शिवाय वितळलेला बेसाल्ट काळाकुट्ट. काचेच्या रसातून उष्णता जशी आरपार पोचते तशी त्याच्यातून पोचत नाही, म्हणून सगळा रस सारखा तापवणं अवघड. आणि तंतू दगडाचा झाला तरी रेझिन तेच राहतं. पुढं जे गुणदोष सांगतो ते थोड्याफार फरकानं बेसाल्टच्या सळईलाही लागू आहेत.

भावाचं थोडक्यात सांगतो. लोखंड किलोवर मिळतं, ही सळई मीटरवर. 12 एमएमची 12 मीटरची लोखंडी सळई साडेदहा किलोच्या वर भरते, तेवढीच काचतंतूची पावणेतीन-तीन किलो. तेव्हा दोन्ही भाव मीटरवर आणून बघा. तेही जाडी सारखी धरून, कारण खरी मेख जाडीतच आहे.

ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायलॉनची दोरी आणि लोखंडी तार सारखंच वजन उचलू शकतील अशा जाडीच्या घेतल्या, तरी दोरी आधी हातभर ताणते आणि मग वजन हलतं. काँक्रीटला ताणणारी दोरी चालत नाही. शाळेत शिकलेला यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, इथं कामाला येतो. लोखंडाचा तो 200 गिगापास्कल, काचतंतूच्या सळईचा साधारण 40 ते 60. मधला 50 धरू. दोन्ही सळयांवर 250 मेगापास्कल एवढाच ताण आणला तर लोखंड मीटरला सव्वा मिलिमीटर लांबेल आणि काचतंतू पाच मिलिमीटर. हे जास्तीचे पावणेचार मिलिमीटर बीममध्ये कुठं जातात? भेगांच्या रुंदीत आणि झोळात.

आता ‘बारा ऐवजी आठ’चा हिशेब करा. 8 एमएमच्या सळईचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मिलिमीटर, 12 एमएमचं 113. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, गुणांक चौथा हिस्सा. दोन्ही गुणले की ताठपणा नवव्या हिश्शावर येतो. असा स्लॅब कोसळेलच असं नाही, पण तो झोळ धरेल, भेगाळेल, आणि खालून बघणाऱ्याची झोप उडवेल. म्हणून जाणता अभियंता ही सळई घेतो तेव्हा बहुतेक वेळा लोखंडापेक्षा जास्त घालतो, कमी नाही. तिथं आराखडा भेगा आणि झोळ यांवर ठरतो. ताकदीचा आकडा मागच्या बाकावर बसतो.

दुप्पट ताकदीच्या दाव्यालाही एक चोरखिळा आहे. काचेवर कायमचा भार ठेवला की ती वर्षांनी अचानक तुटू शकते, मग तो भार तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी का असेना. म्हणून स्वतःचं वजन, भिंती, भरलेली टाकी अशा न हलणाऱ्या भारांसाठी तुटण्याच्या ताकदीच्या फक्त 20 ते 30 टक्केच हिशेबात धरायचे असतात. 900 मेगापास्कलच्या सळईतून अशा भारासाठी 200-250 हाती लागतात. एवढं काम आपलं नेहमीचं टीएमटी लोखंड रोजच करतं.

तरीही या सगळ्यावर गणितानं मात करता येते. कोयनेवर येत नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. पण कोयना-वारणा पट्ट्यात जमीन अजूनही अधूनमधून हलते. भूकंपात चौकट किती ताकदवान आहे एवढंच बघून भागत नाही. धक्क्याची ऊर्जा ती कुठं जिरवते हे बघायचं असतं. लोखंड ती स्वतःत जिरवतं. एफई 500 डी दर्जाची सळई 500 मेगापास्कलला हार मानते, पण तुटत नाही. ताणत जाते, आणि मानकाप्रमाणे किमान 16 टक्के लांबल्यावरच तुटली पाहिजे. त्या ताणण्यात धक्का विरतो, भेगा दिसतात, माणसांना बाहेर पळायला वेळ मिळतो. कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट बांधायच्या आणि त्यांची टोकं आत वळवायची, हा सगळा खटाटोप लोखंडाच्या या गुणाच्या भरवशावर चाललेला असतो.

काचतंतूची सळई अशी ताणत नाही. भार वाढेल तशी सरळ रेषेत लांबत जाते आणि दोनेक टक्क्यांच्या आसपास फटकन तुटते. मधली पायरीच नाही. तुटण्याआधी निदान काँक्रीट चुरडून काही इशारा मिळावा, म्हणून आराखडाच असा करतात की सळईच्या आधी काँक्रीट हरावं. शांत जमिनीवर ही तडजोड चालते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटनं 2022 साली या सळईसाठी संहिता काढली, तीतही भूकंपाचा मार झेलणाऱ्या चौकटींची जबाबदारी तिच्यावर टाकलेली नाही. पाटण-कराडकडच्या घराच्या कॉलममध्ये ती घालावी असं मला कुणी कितीही आकडे दाखवले तरी पटणार नाही.

आगीचाही प्रश्न आहे. रेझिन शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि काँक्रीटशी असलेली पकड सुटते. लोखंड 400 अंशांपर्यंत बऱ्यापैकी तग धरतं. स्वयंपाकघरावरच्या स्लॅबसाठी हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

मग राहिलं काय? पुष्कळ राहिलं. जमिनीवर सपाट पसरलेलं, ओलीत आणि क्षारात राहणारं, कोसळण्याची भीती नसलेलं सगळं काम तिचं. गोठ्याची फरशी घ्या : शेण-मूत्र आणि रोजचं धुणं यांनी तिथलं लोखंड लवकर खलास होतं. चोपणातली गटारं, कालव्याचं अस्तर, पाणंद आणि गल्लीतले काँक्रीट रस्ते, कारखान्याच्या सांडपाण्याभोवतालची फरसबंदी. इथं सळईचं काम मुख्यतः काँक्रीट आकसताना भेगा आवरण्याचं असतं. तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहात तिचा आणखी एक गुण कामी येईल. ती उष्णता फार थोडी वाहून नेते, त्यामुळे दुहेरी भिंतीचे दोन थर जोडायला लोखंडापेक्षा बरी. कॅनडात रस्त्यांवरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात; तिथल्या पुलांच्या स्लॅबमध्ये ती याच कारणानं रुजली. ती चुंबकाला दाद देत नाही, म्हणून एमआरआयच्या खोलीत वापरतात. मेट्रोचं बोगदा-यंत्र ज्या भिंतीतून आरपार जायचं असतं, तिथंही हीच घालतात, कारण यंत्राचे दात तिला कापून जातात.

भारतीय मानकही आता आहे : आयएस 18256, 2023 सालचं. सळई त्यात बसते का, हे विचारायचं आणि चाचणी-अहवालात यंगचा गुणांक आणि रेझिनचा प्रकार बघायचा. ताकदीचा आकडा न विचारताच दाखवतात.

साइटवर मात्र सळया वाकवणाऱ्या बारबेंडरला हातची सवय मोडावी लागते. ही सळई तिथं वाकवता येत नाही. रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. बर्नर लावून वाकवली तर ते जळतं आणि तंतू उघडे पडतात. रिंगा, एल, हुक जे हवं ते मापं देऊन कारखान्यातूनच वाकवून आणायचं, आणि वळणावर ताकद बरीच उतरते हे आराखड्यात धरायचं. वेल्डिंगचा प्रश्न येत नाही. कापायला ग्राइंडर, आणि कापताना तोंडाला मास्क, हातात मोजे. काचेची कुसळं अंगाला खाजवत राहतात. महिनोन्‌महिने उन्हात टाकू नये, ताडपत्रीखाली ठेवावी. आणि जाळी नुसती कव्हर ब्लॉकवर (जाळीखालच्या ठोकळ्यांवर) टेकवून भागत नाही. ओल्या काँक्रीटची घनता 2.4 आणि सळईची 2 च्या आसपास. व्हायब्रेटर लावला की जाळी तरंगून वर येऊ पाहते. म्हणून ती ठिकठिकाणी खाली घट्ट बांधून मगच माल ओतायला सुरुवात करायची.