सेकंडरी अँटीबॉडी घेताना सेल्स (पेशी) कोणाचे ते बघू नका, प्राइमरीचं माहेर बघा

बडोद्यात आमच्या लॅबमध्ये नवी बॅच आली की इम्युनोफ्लुओरेसन्सला (अँटीबॉडी लावून सेल्समधलं प्रोटीन चमकवून मायक्रोस्कोपखाली बघायचं) सेकंडरी निवडताना हा घोळ ठरलेलाच, आणि परवा दांडिया बाजारात चहा पिताना एका ज्युनिअरने परत तेच विचारलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. "दादा, सेल्स ह्यूमन आहेत, मग सेकंडरी अँटी-ह्यूमन ना?" नाही गं बाई!

प्राइमरी अँटीबॉडी काय करते ते सगळ्यांना माहितीये, आपल्या प्रोटीनला जाऊन चिकटते, आणि चमकणारा रंग लावलेली सेकंडरी त्या प्राइमरीला चिकटते, पुढे चला. सेकंडरीला तुमच्या सेल्सशी काही देणंघेणं नसतं, ती फक्त प्राइमरीचं माहेर विचारते, म्हणजे ती कोणत्या प्राण्यात बनली ते. समजा हेला सेल्समध्ये (या ह्यूमन सेल्स) ट्युब्युलिन हे प्रोटीन बघायचंय आणि प्राइमरी आहे माऊस अँटी-ट्युब्युलिन, म्हणजे माहेर उंदराकडचं, सासर ट्युब्युलिनचं. मग सेकंडरी अँटी-माऊसच लागणार, गोट अँटी-माऊस अलेक्सा ४८८ (हा तो चमकणारा रंग) वगैरे. 'अँटी'च्या आधी लिहिलंय ती कुणात बनली, नंतर लिहिलंय ती कुणाला धरते, बस. पोरं फसतात ती प्राइमरीच्या डेटाशीटवर 'रिअ‍ॅक्टिव्हिटी: ह्यूमन' वाचून, पण ते प्राइमरी कोणत्या प्राण्याचं प्रोटीन ओळखते त्याबद्दल असतं, सेकंडरीचा तिथे संबंधच नाही. तुम्हाला 'होस्ट'ची, म्हणजे माहेरच्या प्राण्याची ओळ वाचायचीये.

हेच माहेर डबल स्टेनिंगला, म्हणजे दोन प्रोटीन दोन रंगांत एकदम बघताना, अजून छळतं. एक प्राइमरी माऊस, दुसरी रॅबिट, तर काही टेन्शन नाही. पण एक माऊस आणि दुसरी गोट असली, आणि फ्रीजमध्ये आहे म्हणून गोट अँटी-माऊस आणि डाँकी अँटी-गोट एकत्र टाकलं, की डाँकीवाली त्या गोट सेकंडरीलाच पकडते (ती पण बकरीचीच ना), दोन्ही रंग एकावर एक, आणि साहेब को-लोकलायझेशन (दोन्ही प्रोटीन एकाच जागी) मिळालं म्हणून उड्या मारतात! म्हणून मी तर सगळ्या सेकंडरी डाँकीच्याच घेतो, त्याही क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड, म्हणजे दुसऱ्या प्राण्यांच्या अँटीबॉडीजना चिकटणाऱ्या आधीच काढून टाकलेल्या, थोडे पैसे जास्त जातात जाऊ द्या.

ब्लॉकिंगचा (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी लावायचा) सीरम सेकंडरीच्या होस्टचा, प्राइमरीच्या नाही. अँटी-गोट वापरताना गोट सीरमने ब्लॉक करणारा महाभाग पण पाहिलाय मी, अख्खी स्लाइड दिवाळी.

रंग ४८८ (हिरवा) की ५९४ (लाल) ते तुमच्या मायक्रोस्कोपचे फिल्टर बघून ठरवा, डायल्यूशन १:५०० पासून सुरू करून बघा. आणि प्राइमरी न घालता नुसती सेकंडरी घातलेली एक कव्हरस्लिप ठेवायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी मला फोटो दाखवायला आणू नयेत.