केमो चालू आहे म्हणून ताट-अंथरूण वेगळं? गरज नाही

जळगाव-धुळ्याकडे अजूनही सर्रास ऐकू येतं: घरात केमो चालू असेल तर नवरा-बायकोचं ताट, अंथरूण वेगळं करा, आजार लागतो. कॅन्सर असा लागत नाही. एका ताटात भरीत-भाकरी खा, शेजारी झोपा. मशीनवर रेडिएशन घेतलेल्याच्या अंगातूनही किरणं निघत नाहीत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवायचं.

या समजात खरं एवढंच: केमो दिल्यावर औषधाचा अंश साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतो. तेवढे दिवस ते साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईला हे काम देऊ नका. संबंधात निरोध वापरा.

खरं जपायचंय ते उलट बाजूने. बऱ्याच औषधांत केमो दिल्यापासून ७ ते १४ व्या दिवसादरम्यान रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वात कमी होतात. तेव्हा तुमचा साधा खोकला पेशंटला महागात पडतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात ताप आला की "ऊन लागलं" म्हणत तळपायाला कांदा चोळत बसतात! थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट दिसलं की मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. ताप झाकला जातो, संसर्ग आत वाढत राहतो.

तोंड आलं असेल तर शेवभाजी काही दिवस बंद. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या.