सॉना की स्टीम? दार उघडण्याआधी एवढं माहीत असू द्या

नागपुरातलं काम साडेपाचला आटोपलं, गावाकडची एसटी रात्री नऊची, मधल्या वेळात हॉटेलच्या स्पामध्ये अंग मोकळं करून यावं असं ठरवून फोन केला, की पलीकडून हमखास प्रश्न येतो: "सॉना की स्टीम?" बरेच जण "काहीही चालेल" म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे टॉवेल गुंडाळून बसायचं आणि दोन्हीकडे घाम गाळायचा, त्यामुळे घोटाळा होणारच. शिवाय काही ठिकाणी वाफेच्या खोलीलाही सरसकट सॉनाच म्हणतात. म्हणून फोनवर नाव विचारू नका, "खोली लाकडी आहे की टाइल्सची?" असं विचारा. लाकडी असेल तर सॉना, टाइल्सची असेल तर स्टीम.

सॉनात कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीवर दगड तापवलेले असतात. हवा ७० ते ९० अंश सेल्सिअस आणि जवळपास कोरडी. स्टीमच्या खोलीत बाहेरच्या बॉयलरमधून वाफ सोडतात. तिथे पारा जेमतेम ४० ते ५०, पण हवा वाफेने पूर्ण भरलेली. आकडे बघून सॉना दुप्पट कडक वाटतो, आणि इथेच फसगत होते.

हे समजायला आपला कूलर पुरेसा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तरी कूलरपुढे बसलं की जीव गार होतो. श्रावणात पारा ३२ वर असला तरी तोच कूलर अंग चिकट करून सोडतो, कारण कूलर चालतो तो पाणी उडण्यावर आणि ओल्या हवेत पाणी उडत नाही. शरीराचा कूलर म्हणजे घाम. सॉना हा आपला मे महिना: घाम निघतो, लगेच उडतो, कातडी निभावून नेते. स्टीम म्हणजे श्रावण: घाम उडतच नाही. उलट त्या खोलीत सगळ्यात थंड वस्तू तुमचं अंगच असल्यामुळे वाफ अंगावर येऊन पाणी होते आणि आपली उष्णता तुम्हाला देऊन जाते. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजताना जरा वर हात धरता येतो, पण भाताच्या गंजावरचं झाकण उचलताना बोट पोळतं, ते याचमुळे. म्हणून "स्टीममध्ये किती घाम निघाला" असं वाटतं तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी हवेतलं असतं.

दोन्ही खोल्यांची बांधणीही यावरूनच ठरते. लाकूड उष्णता हळू सोडतं, म्हणून ८० अंशांत तापलेल्या बाकावर बसता येतं. त्याच बाकातल्या स्क्रूचं डोकं उघडं राहिलं असेल तर मात्र चटका बसतो. मंगळसूत्र, अंगठी, जोडवी, करदोट्याची चांदी, सगळं आधी काढून ठेवा. स्टीमच्या खोलीचं छत उतरतं असतं, म्हणजे गार झालेले थेंब डोक्यावर न पडता भिंतीवरून ओघळतात. वाफेचं तोंड बहुधा पोटरीच्या उंचीवर असतं आणि थांबून थांबून फुसफुसतं. ते शांत असताना कुणी शेजारी जाऊन बसतं आणि पाय भाजून घेतं. आत गेल्यावर पहिल्यांदा ते तोंड शोधा, मग जागा निवडा.

दिवसभराच्या कामानंतर उपाशीपोटी जाऊ नका, भरल्या पोटीही नको. तास-दीड तास आधी हलकं खा आणि दोन पेले पाणी प्या. साबणाने अंघोळ करा. सॉनात जाताना अंग कोरडं पुसा, कोरड्या अंगाला घाम लवकर सुटतो. स्टीममध्ये ओल्या अंगाने गेलं तरी चालतं. सॉनात आधी खालच्या बाकावर बसा, वर वीसेक अंश जास्त गरम असू शकतं. नवख्याला ८ ते १० मिनिटं पुरे. पाय वर घेऊन बसला असाल तर उठण्याआधी दोन मिनिटं ते खाली सोडा, नाहीतर उठताक्षणी चक्कर येते. बाहेर आल्यावर कोमट, मग गार पाणी, दहा मिनिटं आराम, वाटलं तर दुसरी फेरी. दगडांवर पाणी टाकायचं असेल तर विचारून, एक डाव, तेही हळू. नीलगिरीचं तेल थेट दगडांवर ओतलं तर पेट घेतं.

मसाजही घ्यायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. सॉना मसाजच्या आधी, कारण तेलकट अंगाने लाकडी बाक खराब होतात. स्टीम तेल लावल्यानंतरही घेता येते. आयुर्वेदात आधी स्नेहन, मग स्वेदन असाच क्रम आहे. नाक चोंदलेलं असेल तर वाफेनं मोकळं वाटतं. वाफेत कोंडल्यासारखं होत असेल तर सॉना घ्या. वजनाच्या आशेने मात्र कुठेच जाऊ नका. घटतं ते पाणी, ताकाच्या दोन पेल्यांत ते भरून निघतं.

गरोदर बाई, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला बीपी, अंगात ताप, पोटात दारू, यांपैकी काही असेल तर दोन्ही खोल्या वर्ज्य. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही. सिकलसेलचा आजार आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. त्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं किंवा एकदम गरमातून गारात गेलं तर दुखणं उसळतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. कपाशीवर फवारणी केलेल्या दिवशीही जाऊ नका, गरम आणि घामेजल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं.

आणि मोटरसायकलने परतायचं असेल तर बाहेर आल्यावर अर्धा तास बसा, लिंबू-मीठ घातलेलं पाणी प्या, डोकं हलकं वाटेनासं झालं की मगच किक मारा.