वृत्तलेखन व जनसंपर्क यांतील मार्गदर्शन

वृत्तलेखन व जनसंपर्क यांतील मार्गदर्शन : अनुभवी सहकाऱ्याने नवोदिताला रोजच्या कामातून तयार करण्याची पद्धत. पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण तसे अलीकडचे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये आणि कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये स्वतंत्र पत्रकारिता विद्यालये सुरू झाली. त्याआधी बातमीदार घडायचा तो कोणाच्या तरी हाताखालीच. पदवी घेऊन आलेल्यालाही आज पहिले वर्ष असेच काढावे लागते.

या शिकवणुकीचे मुख्य साधन म्हणजे नवोदिताने लिहिलेली कॉपी, अर्थात बातमीचा मजकूर. पाणीपुरवठ्यावरच्या बैठकीला जाऊन आलेला नवा बातमीदार बहुधा ‘अध्यक्षांच्या प्रमुख उपस्थितीत बैठक संपन्न झाली’ अशी सुरुवात करतो आणि सोमवारपासून तीन दिवस नळाला पाणी येणार नाही, ही बातमी पाचव्या परिच्छेदात जाते. ज्येष्ठ उपसंपादकाला ती दोन मिनिटांत वर ओढता येते. पान छपाईला सोडायची वेळ झाली असेल तर तो तेच करतो, आणि ते योग्यच. पण रोज तसे झाले तर कॉपी सुधारते, लिहिणारा आहे तिथेच राहतो. म्हणून चांगला मार्गदर्शक कॉपी परत देतो आणि विचारतो : वाचकाला यातले उद्या सकाळी काय उपयोगी पडेल? उत्तर तोंडी आले की इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, सापडलेला असतो. त्याच वेळी मार्गदर्शकाच्या प्रश्नांची दुसरी फेरी शहानिशेची असते. तीन दिवस हे कोणी सांगितले? त्याच्या नावाचे स्पेलिंग कुठून घेतले? दुसऱ्या बाजूला फोन केला का? हे प्रश्न इतक्यांदा कानावर पडावे लागतात, की पुढे लिहिणारा ते स्वतःलाच विचारू लागतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेचे. १९१७-१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो ‘कॅन्सस सिटी स्टार’मध्ये काही महिने बातमीदार होता. छोटी वाक्ये लिहा, पहिला परिच्छेद छोटा ठेवा, असे सांगणारी त्या दैनिकाची नियमावली त्याच्या हाती पडली, आणि सी. जी. ‘पीट’ वेलिंग्टन या साहाय्यक शहर संपादकाने ती त्याच्याकडून कसोशीने पाळून घेतली. हे ऋण हेमिंग्वेने पुढे मान्य केले. नियमावली तर कार्यालयातल्या सगळ्यांकडेच होती. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूसही तिथे होता, हे अधिक महत्त्वाचे.

जनसंपर्कातील तालीम इथून थोडी वेगळी वाट धरते. लेखनाचे नियम बहुतांशी तेच; प्रसिद्धिपत्रकातले ‘अग्रगण्य’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द पहिल्या वाचनातच खोडले जातात. खरी अवघड शिकवण संस्थेच्या आत लागते. बातमीदार बाहेर उभा राहून विचारतो, तर जनसंपर्क अधिकाऱ्याला आपल्याच वरिष्ठांकडून खरी माहिती काढावी लागते, आणि ती दडवू नका असे त्यांना सांगावे लागते. या व्यवसायाचा एक आद्य पुरुष आयव्ही ली हा मुळात न्यूयॉर्कचा बातमीदार. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या गाडीला अपघात होऊन पन्नासहून अधिक माणसे दगावली, तेव्हा रेल्वेच्या वतीने त्याने वृत्तपत्रांना दिलेले निवेदन हे आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ मानले जाते. आपले काम उघडपणे चालेल आणि दिलेली माहिती अचूक असेल, असे त्याने त्याच वर्षी जाहीर केले होते.

अपघाताच्या वेळी काय लिहायचे, हे अपघाताच्या दिवशी शिकवता येत नाही. त्यामुळे जाणते अधिकारी कनिष्ठाला आधीच सराव देतात : कारखान्याला आग लागली आहे, कारण कळलेले नाही, अर्ध्या तासात निवेदन हवे. नवोदित हमखास ‘परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात’ असे लिहितो. हे कोणी तपासले, असे विचारताच वाक्य गळते; उरते ती घटनेची वेळ, जागा, बचावकार्याची स्थिती आणि पुढची माहिती कधी मिळेल ते. आगीच्या कारणाबद्दल तर्क करायचा नाही, आणि जखमींची नावे कुटुंबीयांना कळण्याआधी द्यायची नाहीत, हेही याच सरावात ठसते.

पत्रकारांशी वागण्याची रीत मात्र ऐकून आणि पाहूनच येते. पान लावायच्या वेळी फोन करू नये, बातमी कधी छापणार म्हणून तगादा लावू नये, ठाऊक नसेल तर तसे सांगून ठरल्या वेळी परत फोन करावा. यासाठी ज्येष्ठ सहकारी कनिष्ठाला आपले फोन ऐकू देतो, पत्रकार परिषदेत शेजारी बसवतो आणि काही महिन्यांनी एखाद्या छोट्या विषयावर पत्रकारांच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला त्यालाच पुढे करतो.