‘हम तुम’ आणि ‘सलाम नमस्ते’: सैफचा ‘तो’ सिनेमा नेमका कुठला?

“अगं, तो सैफचा सिनेमा, परदेशातला. दोघं आधी कडाकडा भांडतात बघ!” आमच्याकडे एवढं वर्णन झालं की दोन तट पडतात. मावशीला त्यात राणी मुखर्जी आठवते, मामेबहिणीला प्रीती झिंटा. आणि दोघीही खऱ्याच असतात, कारण सिनेमे दोन आहेत.

‘हम तुम’ २००४ चा, कुणाल कोहलीचा. ‘सलाम नमस्ते’ २००५ चा, सिद्धार्थ आनंदचा पहिलाच. दोन्ही यशराजचे. भर म्हणून अभिषेक बच्चनही दोन्हीकडे छोट्या भूमिकेत आहे: ‘हम तुम’मध्ये रियाचा, म्हणजे राणीच्या पात्राचा नवरा, ‘सलाम नमस्ते’मध्ये बाळंतपण करणारा अतरंगी डॉक्टर. मग घोळ होणारच.

पटकन ओळखायचं तर सैफचा धंदा बघा. ‘हम तुम’मध्ये तो व्यंगचित्रकार करण, त्याची चित्रातली ‘हम’ आणि ‘तुम’ मधूनमधून पडद्यावर येऊन भांडतात. ‘सलाम नमस्ते’मध्ये तो निक, मेलबर्नमधला शेफ. प्रीतीची अंबर तिथे रेडिओवर बोलते, आणि मुलाखतीला न आलेल्या निकचा थेट कार्यक्रमातच उद्धार करते. सिनेमाचं नाव म्हणजे त्या रेडिओ केंद्राचंच नाव.

परदेश मात्र दोन्हीकडे फार वेगळा आहे. करण आणि रिया विमानात भेटतात, अ‍ॅमस्टरडॅमला थोडा वेळ एकत्र फिरतात, पुढे न्यूयॉर्कला अचानक समोरासमोर येतात, मग काही वर्षांनी पॅरिसला. दर भेटीत वय वाढलेलं असतं. मधल्या काळात रियाचं लग्न होतं, नवरा अपघातात जातो, आणि करणच्या थट्टेखोर स्वभावाला पहिल्यांदा गप्प बसणं शिकावं लागतं. ‘सलाम नमस्ते’ मात्र ऑस्ट्रेलियात मुक्काम ठोकून बसतो. निक आणि अंबर लग्नाशिवाय समुद्राकाठच्या एका घरात राहायला लागतात. संबंध तुटल्यावरही घर सोडायला दोघंही तयार नाहीत, त्यामुळे अबोला एकाच छपराखाली चालतो. २००५ साली सहकुटुंब बघायच्या सिनेमात हे एवढं मोकळेपणी दाखवणं धाडसाचं होतं, असं मला आजही वाटतं.

माझ्या मते खरा फरक नायकाच्या चुकीत आहे. करण आणि रिया एका रात्री जवळ येतात. सकाळी करण अपराधी चेहऱ्याने लग्नाचं बोलतो. रियासाठी ती रात्र प्रेमाची होती. करणला मात्र ती चूक वाटते आणि लग्न म्हणजे त्या चुकीची भरपाई, हे रियाच्या लक्षात येतं. राणीचा चेहरा त्या क्षणी कसा उतरतो ते नीट बघा. लग्नाची मागणी ऐकून एखादी बाई इतकी दुखावली जाताना मी हिंदी सिनेमात क्वचितच पाहिलंय. निकचं बरोबर उलट. अंबरला दिवस गेल्यावर तो जबाबदारीचं नावच काढत नाही. त्याला मूल नको, लग्न नको. अंबर एकटीने बाळ वाढवायचं ठरवते. एक जण जबाबदारी पुढे करून मन मोडतो, दुसरा ती झटकून.

म्हणूनच ‘सलाम नमस्ते’तला डोहाळ्यांचा प्रसंग मला फार आवडतो. अंबरला रात्री-अपरात्री एका ठरावीक चॉकलेट आइस्क्रीमची इच्छा होते, आणि सगळी भांडणं बाजूला ठेवून निक ते शोधायला निघतो. तोंडाने काही कबूल करण्याआधीच त्याचे पाय कामाला लागलेले असतात.

सैफला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘हम तुम’साठी. आणि जुळी मुलं होतात ती ‘सलाम नमस्ते’त. मावशीला एवढं सांगितलं, तर ती म्हणाली, “मग आज आधी राणीचा लाव.”