चाळिसाव्या चालीमागचे घड्याळ

ठाण्यात किंवा वाशीत बुद्धिबळाच्या एखाद्या क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या, स्पर्धेत दोन तुल्यबळ खेळाडूंचा डाव रंगतो, तेव्हा प्रेक्षकांचे लक्ष पटावर असले, तरी पंचांची नजर बऱ्याचदा घड्याळावर असते. मोठ्या स्पर्धांत रूढ असलेल्या पद्धतीनुसार प्रत्येकाला पहिल्या चाळीस चालींसाठी दीड तास, त्यानंतर अर्धा तास आणि पहिल्या चालीपासून दर चालीमागे तीस सेकंद मिळतात. या आकडेमोडीला दीडशे वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे.

१८५१ च्या लंडन स्पर्धेत, म्हणजे पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, वेळेचे बंधनच नव्हते, आणि एलायजा विल्यम्स यांच्या संथ खेळाने स्टॉन्टन यांच्यासारखा प्रतिस्पर्धी वैतागला होता. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे आली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मात्र एक थांबले की दुसरे चालू होणारे जोडघड्याळ वापरले गेले आणि विचार करण्याचा खर्च ज्याचा त्याच्या माथी पडला.

तरीही डाव एका बैठकीत संपेलच, असे नव्हते. अपुरा डाव तहकूब करताना पुढची चाल लिहून पाकिटात बंद केली जाई. १९७२ मध्ये रेक्याविक येथे स्पास्की आणि फिशर यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील एकविसावा डाव असाच तहकूब झाला. स्पास्की यांनी एक्केचाळिसावी चाल बंद केली खरी, पण दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरूनच हार मान्य केली आणि फिशर जगज्जेते झाले. पुढे संगणक बलवान झाल्यावर तहकुबीला अर्थ उरला नाही, कारण रात्रभरातले विश्लेषण खेळाडूचे की यंत्राचे, हा प्रश्न अटळ होता.

म्हणजे डाव एकाच बैठकीत संपवणे आले, आणि जिंकत आलेला डाव केवळ वेळ संपल्याने हातचा जाण्याचा धोका वाढला. त्यावरचा उताराही फिशर यांचाच: दर चालीमागे वेळेची भर घालणाऱ्या घड्याळासाठी त्यांनी १९८८ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९९२ मध्ये स्पास्कींशी पुन्हा झालेल्या सामन्यात ते वापरले. माझ्या मते जोडघड्याळानंतरची ही सर्वांत मोलाची सुधारणा होय. या तीस सेकंदांमुळे नियमही बदलतो: एरवी पाच मिनिटांहून कमी वेळ उरल्यास चाली न लिहिण्याची मुभा मिळते, येथे मात्र शेवटपर्यंत त्या नोंदवाव्याच लागतात.